देवाला सोडलेलं गवत

"आबा, हे पिवळं काय सांडलंय?"

"सांडलं न्हाय, टाकलंय. भंडारा हाय. आत पाय टाकू नगंस."

माळाच्या उतरत्या कडेला मी होते तिथंच उभी राहिले. पाठीवर रद्दीचं गाठोडं, काखेत झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट, आणि फाट्यापासून उन्हात चालून घशाला पडलेली कोरड. समोर माझी फुलं उमलली होती. वर्षभर ज्यांच्यासाठी मी जीव टाकला ती पांढरी, मधोमध जांभळी रेघ असलेली, नखाएवढी फुलं. एकही पात मेंढराच्या तोंडी लागली नव्हती. आणि त्या सगळ्यांच्या भोवतीनं हळदीचं मोठं रिंगण.

आबा हिवराखाली घोंगडी टाकून बसले होते. माझे वडील, म्हाळू लवटे. त्यांना इतकं खुशीत मी फक्त बिरोबाच्या जत्रेत, गळ्यात ढोल असताना बघितलं होतं.

"समदी शाबूत हायती बघ," ते म्हणाले. "भावकीची मेंढरं हितनंच जात्यात, पर एकाची टाप न्हाय आत घालायची. देवालाच सोडली जागा. बिरुबाला."

मी गाठोडं तिथंच खाली टाकलं.

याला आता तीसेक वर्षं झाली. पण मी का हबकले ते कळायचं तर आधी आमचा माळ सांगायला हवा. जत तालुक्याच्या पार दक्षिणेला, जिथून पुढं कानडी मुलूख लागतो, तिथला हा माळ. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि चहालाही थांबत नाही. खडकावर वीतभर माती, मातीवर कुसळी गवत, आणि त्या गवतावर आम्हा धनगरांची मेंढरं. त्यातच हे माझं झाड उगवायचं. दोन-तीन बारीक पाती, हुबेहूब गवताच्या पात्यासारखी. फूल नसताना शेजारच्या कुसळीतनं वेगळं काढून दाखव म्हटलं असतं तर मलाही जमलं नसतं. भाद्रपदात ऊन कललं की मात्र मधूनच एक काडी वर यायची, फूल उमलायचं आणि दिवस बुडायच्या आत मिटायचं. त्याच्या आधी ते गवत आणि नंतरही गवतच. मेंढरं आवडीनं खायची. आमच्यात कुणी त्याला नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

आदल्या वर्षी सुट्टीला आले तेव्हा माझी नजर त्याच्यावर पडली. मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून देशिंगकर सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. लवट्यांच्या घरातली कॉलेजचं तोंड बघणारी पहिलीच पोर. एक फूल रुमालात गुंडाळून सरांकडे नेलं. सरांनी ते भिंगाखाली धरलं, पुस्तकं काढली, आणखी पुस्तकं काढली, आणि मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "मालन, हे अजून कुणी नोंदवलेलंच नाही असं दिसतंय. पण नुसत्या फुलावर भागत नाही. कंद, पाती, फूल, फळ, सगळं एकाच झाडावर पाहिजे. आख्खं झाड आण."

मी उलट्या पावली घरी आले, तर जागेवर नुसते बुडखे. खाणारी मेंढरं बहुतेक आमचीच.

तो भाद्रपद सरेपर्यंत मी आसपासचे सगळे माळ पालथे घातले, आणि मग वर्षभर पुस्तकं. दुसरीकडे कुठंच ते सापडलं नाही. होतं ते एवढ्या एका खोलगट जागेत. सरांनी मग निर्वाणीचं सांगितलं, "या मोसमात झाड आलं तर ठीक, नाहीतर हा विषय सोडून दे." इकडं आईला मी शब्द देऊन बसले होते, की यंदा जमलं नाही तर गुमान घरी येईन आणि ती म्हणेल त्या मुलाच्या समोर पोहे घेऊन जाईन. म्हणून आबांना निरोप धाडला होता, "काय वाट्टेल ते करा, पण माझी फुलं राखा."

त्यांनी राखली होती.

"आबा," मी म्हटलं, "मला यातलं एक झाड न्यायचंय. कंदासकट."

त्यांना आधी कळलंच नाही. "न्यायचंय म्हंजी?"

"उपटून. कागदात दाबून वाळवायचं आणि सरांना द्यायचं."

आबांचा चेहरा बघता बघता उतरला. "अगं, मग राखा म्हून कशाला सांगितलंस?"

"मेंढरांनी खाऊ नये म्हणून!"

"आन तू उपटनार व्हय?" ते उठून उभेच राहिले. "मला वाटलं, तुला बघायचीत. दरसाल येशील, बघशील. फूल म्हंजी बघायचीच गोष्ट की. ज्याला राखायला सांगितलं त्येच उपटायचं असंल, हे कुनाच्या डोस्क्यात येईल, तूच सांग."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

आबांची चूक म्हणावी तर तीही नव्हती. माळावरच्या गवताला मालक नसतो. ज्याचं मेंढरू पुढं, त्याचा चारा. भावकीला हात जोडून सांगितलं असतं तर दोन दिवस ऐकलं असतं आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी घातली असतीच मेंढरं. सगळ्यांनी मानावं असं एकच कुंपण आबांना ठाऊक होतं, ते त्यांनी घातलं. पुजाऱ्याला सोबत घेऊन, चार माणसांदेखत, बिरोबाचं चांगभलं करून. देवाला सोडलेल्या मेंढराची आमच्यात लोकरही कुणी कातरत नाही. तसंच त्या रिंगणातलं पातंही आता आमचं राहिलं नव्हतं.

"एकच, आबा. कितीतरी आहेत."

"येक काय आन समदी काय. दिलं ते दिलं, बाय."

"सोडलं तुम्हीच ना? मग तुम्हीच परत मागून घ्या."

"देवाला दिल्यालं परत मागू?"

मग मेंढरं पांगली म्हणून ते पलीकडं गेले. रिंगणाच्या कडेला मी एकटी, हातात खुरपं. हात लांब केला असता तरी पहिलं झाड आवाक्यात होतं. कुणालाही कळलं नसतं. मला भीती देवाची नव्हती. देवाशी माझं तेव्हा फारसं बोलणंही नव्हतं. पण आबांचा शब्द चोरून मोडायचा आणि मग आयुष्यभर त्यांच्यासमोर जेवायला बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी खुरपं गाठोड्यात खुपसलं, फुलं मिटेपर्यंत बसून त्यांची चित्रं काढली आणि घरी आले.

आईनं दारातच विचारलं, "झालं का मनासारकं?"

"नाही झालं. उद्याच्या गाडीनं जाते आणि सरांना विषय सोडला म्हणून सांगून येते. तुला दिलेला शब्द पाळेन."

आईला आनंद व्हायला हवा होता. पण तिनं माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "गवताच्या काडीसाटी दोगांचीबी तोंडं बगा. कुनी म्हनंल घरात मयत झालंय."

आबांनी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली. "ते झाड न्हाय गेलं तर काय व्हईल?"

"काही होणार नाही. जगात असं एक झाड आहे हे कुणाला कळणार नाही, एवढंच. एखाद्या दुष्काळात मेंढरं मुळापासून खातील आणि संपेल."

"आन तू?"

"मी घरी येईन."

आबांनी ताट सरकवलं. मग हात धुवायला उठताना म्हणाले, "मेंढरामागं फिरू नगंस म्हून तुला शाळंत घातली हुती." ते मला म्हणाले की स्वतःला, ते काही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी संध्याकाळची होती. आबा सकाळपासून घरात नव्हते. आई म्हणाली, पुजाऱ्याकडं गेलेत. दुपार कलली तरी पत्ता नाही. मी गाठोडं बांधून अंगणात बसले होते, तेव्हा ते माळावरनं येताना दिसले. आंघोळ केलेली, पाय अनवाणी, डोक्याला पटका नाही. बोडक्या डोक्यानं आबा बाहेर पडलेले मी उभ्या जन्मात बघितले नव्हते. घोंगडीची खोळ त्यांनी पोटाशी धरली होती, आणि मागून पुजारी आणि भावकीतली दोन माणसं येत होती.

अंगणात येऊन आबांनी खोळ उघडली. आत मातीच्या ढेकळासकट तीन झाडं. वर फूल उमललेलं, खाली फळं धरलेली, मातीतनं पांढरे कंद डोकावत होते. कांद्याच्या रोपासारखी, अगदी नाजूक.

"धर," आबा म्हणाले. "मिटायच्या आत काय करायचं ते कर."

"आबा, हे काय केलंत?"

ते मागं वळून त्या तिघांना म्हणाले, "समद्यांनी ऐका. दिलं म्या, काढून घेतलं बी म्याच. पोरीचा ह्यात हात न्हाय. जवर त्येचं त्येला परत करत न्हाय, तवर देवळाची पायरी चढनार न्हाय आन ढोलाला हात लावनार न्हाय."

आई दारातनं ओरडली, "अवो, जत्रा तोंडावर आली! तुमच्याबिगर ढोल कोन धरनार?"

"धरंल कुनीबी."

"म्हाळूबा, इचार करा," पुजारी म्हणाला. "परत करनार कसं? वाळल्यालं झाड पुन्ना रुजतंय व्हय?"

"त्ये मला कुटं ठावं?" आबा म्हणाले, आणि मग थेट माझ्याकडं बोट केलं. "ती शिकलीया. ती बघंल."

मी तिथंच अंगणात रद्दी पसरली आणि एकेक पात सरळ करून झाडं कागदावर मांडली. मला अतोनात आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. चौकटीचे पट्टे आवळताना मी मनाशी एकच घोकत होते, की आबांनी हे माझ्यावर सोपवलंय, आता काहीही होवो, मी हे तडीला नेणार. कसं नेणार, याची तेव्हा मला सुतराम कल्पना नव्हती.

झाडं सरांकडं पोचवून मी परत आले, आणि दसऱ्यानंतर जत्रा भरली. गजी नाचायला गावोगावचे धनगर आले. बिरोबाचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब, वर पत्रा आणि समोर तीन पायऱ्या. आबा त्या पायऱ्यांपासून लांब, लिंबाखाली काठी टेकून उभे होते. ढोल चुलतभावाच्या गळ्यात होता आणि तो पार बेताल वाजवत होता. आबांची बोटं काठीवर बरोब्बर ताल धरून चालली होती. येणारे-जाणारे त्यांना रामराम करायचे आणि आत जायचे. कुणी टोचून बोललं नाही, पण कुणी थांबलंही नाही. भंडारा उधळला तेव्हा वाऱ्यानं थोडा लिंबापर्यंत आला, तर आबा दोन पावलं मागं सरकले.

जत्रेनंतर मी सरांकडं परत गेले ते काम पक्कं झाल्याशिवाय घरी यायचं नाही असं ठरवूनच. जुनी चित्रं धुंडाळली, मोठमोठ्या संग्रहांतली वाळलेली झाडं एकेक करून ताडून बघितली, आणि आबांच्या तीन झाडांतली दोन पातळ काप घेण्यासाठी कापताना देवाची मनातल्या मनात माफीही मागितली. म्हटलं ना, देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं; ते तिथून सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात शिक्कामोर्तब झालं. झाड खरोखरच नवीन होतं.

सर भलतेच खुशीत होते. खोलीतल्या सगळ्यांना त्यांनी पेढे वाटले. "आता बारसं करायचं," ते मला म्हणाले. "एकदा नाव छापून आलं की संपलं, मालन. ते झाड जगात कुठंही जाऊ दे, कुणीही अभ्यासू दे, ज्याचं नाव लागलं त्याचंच ते. शंभर वर्षांनीही बदलता येत नाही."

पेढा माझ्या हातातच राहिला. "ज्याचं नाव लागलं, त्याचं?"

"अर्थात. माझ्या गुरूंचं नाव द्यायचं मी ठरवलंय. त्यांची हयात या दुष्काळी भागातली झाडं गोळा करण्यात गेली."

"सर, नाव बिरोबाचं द्यायचं."

"कोणाचं?"

"बिरोबाचं. आमच्या माळावरचा देव."

सर हसले. "अगं, हे शास्त्र आहे, देऊळ नव्हे."

"मग गुरूंचं तरी नाव कशाला? ते काय सूक्ष्मदर्शक आहेत?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मालन, मर्यादा सांभाळून बोल. मार्गदर्शक मी आहे."

"आहात सर. निबंधावर पहिलं नाव तुमचं घाला. माझं नाव नाही घातलंत तरी चालेल. पण फुलाचं नाव बिरोबाचंच लागलं पाहिजे."

"आणि नाही लावलं तर?"

टेबलावर जाड कागदावर शिवलेलं आबांचं उरलेलं झाड पडलं होतं, संग्रहात जमा व्हायच्या वाटेवर. तेच झाड त्या नावाचा पुरावा असणार होतं. ते जमा झाल्याशिवाय कुठलंच नाव धरलं जात नाही, हे सरांनीच मला शिकवलं होतं. मी तो कागद उचलला, रद्दीत गुंडाळला आणि उभी राहिले. "नाही लावलं तर हे मी परत नेते. जिथून आलं तिथं नेऊन ठेवते. तुमचंही नाही, माझंही नाही."

"वेड लागलंय का तुला? वर्षभराची मेहनत आहे तुझी! पदवी घालवशील."

"हो, सर."

मी दारापर्यंत पोचले. कडीला हात घातला.

"थांब," सर म्हणाले. "बस आधी. आणि नीट सांग, भानगड काय आहे?"

मग मी सगळं सांगितलं. भंडारा, रिंगण, बोडक्या डोक्यानं आलेले आबा, लिंबाखालची काठी. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. सर ऐकत राहिले. मग उठून खिडकीपाशी गेले.

"माझे गुरू असते तर," ते म्हणाले, "त्यांनी आधी तुझ्या वडिलांना भेटायला माळ गाठला असता. आण तो कागद इकडं. आणि तुझंही नाव येईल निबंधावर. फुकटचा मोठेपणा नको दाखवू."

छापून यायला पुढची जत्रा उजाडली. मासिकाचा अंक पिशवीत घालून मी थेट देवळाशी उतरले. आबा लिंबाखालीच होते, मागच्या वर्षी होते तिथंच. मी त्यांच्यापुढं अंक उघडला, चित्र दाखवलं, त्याखालचं नाव दाखवलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या अक्षरांवरनं बोट फिरवलं.

"हितं त्येचं नाव हाय?"

"हो. आता जगात कुठंही गेलं तरी हे फूल बिरोबाचं. कुणालाही बदलता येत नाही. मलासुद्धा नाही."

"मग मला काय सांगतीस?" आबांनी देवळाकडं मान केली. "ज्याचं हाय त्येला सांग."

मी एकटी पायऱ्या चढून आत गेले. माणसांची ही गर्दी. पुजाऱ्यानं वाट करून दिली. मी देवासमोर अंक धरला आणि मोठ्यानं वाचू लागले. लांबलचक परदेशी शब्द, कंद कसा, पात किती रुंद, पाकळ्या किती, सगळं. लोक आधी कुजबुजले आणि मग हळूहळू गप्प झाले. नाव आलं तेव्हा मी ते पुन्हा एकदा वाचलं, बाहेर लिंबापर्यंत जाईल अशा आवाजात.

पुजाऱ्यानं डोकं खाजवलं. "समदं इंग्रजीत हाय न्हवं ग? देवाला उमगलं आसंल का?"

"सवताचं नाव कुनाला उमगत न्हाय व्हय?"

आवाज पायऱ्यांवरनं आला होता. गर्दी बाजूला झाली. आबा तिसरी पायरी चढून आत येत होते. ते माझ्या शेजारनं पुढं गेले, गुडघ्यांवर बसले आणि दगडावर कपाळ टेकवलं.

"काढलं म्या," ते देवाला म्हणाले, शेजाऱ्याशी बोलावं इतक्या साध्या आवाजात. "दिलं पोरीनं."

एवढंच बोलून ते तसेच वाकून राहिले, आणि त्यांनी डोकं उचलेपर्यंत अख्खी जत्रा बाहेर खोळंबली होती.